अवकाशात दिवस की रात्र? सीन हेडिंगची पार्श्वभूमी

पटकथेत प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर एक ओळ, म्हणजे सीन हेडिंग, असते: ‘इंट. बैठकीची खोली – रात्र’. आत (‘इंट.’, इंटिरियर) की बाहेर (‘एक्स्ट.’, एक्स्टिरियर), कुठे आणि केव्हा, एवढं तीन तुकड्यांत सांगून ती मोकळी होते. साध्या घरा-रस्त्याच्या गोष्टीत तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. कथा अंतराळयानात, समुद्राच्या तळाशी किंवा एखाद्याच्या स्वप्नात शिरली की मात्र लेखक अडतो. अवकाशात ‘दिवस’ लिहायचा का? स्वप्न ‘आत’ की ‘बाहेर’? ही ओळ मुळात कुणासाठी जन्माला आली ते पाहिलं, तर यातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल लागतो.

गंमत म्हणजे सिनेमाची सुरुवातच अवघड जागांपासून झाली. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसच्या १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटाची यादी कॅटलॉगमध्ये ३० ‘देखाव्यां’ची होती. त्यात चंद्रही होता आणि समुद्राचा तळही. पण आत-बाहेर, दिवस-रात्र असा हिशेब तिथे नव्हता. सगळं स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांसमोर घडायचं, मग हिशेब ठेवायचा कशाला? १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’चं एडिसन कंपनीच्या कॅटलॉगमधलं वर्णन मात्र आजच्या हेडिंगच्या बरंच जवळ जातं. एकूण १४ दृश्यं. पहिलं ‘रेल्वेच्या तार ऑफिसचा आतला भाग’, पुढे ‘पार्सल डब्याचा आतला भाग’. हा डबा प्रत्यक्षात सेट होता आणि उघड्या दारातून पळणारा निसर्ग वेगळा चित्रित करून त्यात बसवला होता. ‘चालत्या वाहनाच्या आत’ हा आजही डोकं खाणारा प्रकार तेव्हाच हजर होता.

या ओळीला शिस्त लावली ती १९१० च्या दशकातल्या निर्मितीव्यवस्थेने. निर्माता थॉमस इन्सच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत क्रमांक घातलेल्या दृश्यांची तपशीलवार ‘कंटिन्युइटी’ पटकथा वापरात आली. तिच्यासोबत सेट आणि लोकेशनच्या याद्या असत. एकाच जागेची सगळी दृश्यं, ती कथेत कुठेही असोत, एका दमात उरकायची हा त्यामागचा हेतू. त्या काळी ‘आतली’ खोलीसुद्धा अनेकदा उघड्यावरच्या मंचावर, वर पातळ कापड ताणून, उन्हातच उभी केलेली असे. म्हणजे ‘इंटिरियर’ म्हणजे ‘सेट बांधा’ आणि ‘एक्स्टिरियर’ म्हणजे ‘गाड्या काढा’. हेडिंग वाचकासाठी नव्हतंच, ते कामाचं वाटप होतं.

बोलपट आल्यावर स्टुडिओंच्या चित्रीकरण-पटकथा शॉटगणिक तुटल्या. मिडियम शॉट, क्लोजअप, प्रत्येकाला क्रमांक. स्टुडिओव्यवस्था मोडकळीला आली तशी ‘मास्टर सीन’ची पद्धत रुजली: एक जागा, एक वेळ, एक हेडिंग; कॅमेऱ्याचं काय ते दिग्दर्शक पाहील. क्रमांक आता पटकथा चित्रीकरणाला निघाली की पडतात आणि मग गोठवले जातात. नंतर घुसलेलं दृश्य ४५ए होतं. गाळलेल्या दृश्याचा क्रमांक ‘वगळले’ अशा शेऱ्यासह तसाच राहतो. नाहीतर जुन्या वेळापत्रकातलं ४६ आणि नव्या पानावरचं ४६ वेगळं निघतं आणि सेटवर भलतेच नट हजर होतात.

वेळेच्या तुकड्यामागेही हेच गणित आहे. सहायक दिग्दर्शकाच्या स्ट्रिप बोर्डावर, म्हणजे प्रत्येक दृश्याची एक रंगीत पट्टी लावून चित्रीकरणाचा क्रम ठरवणाऱ्या फलकावर, प्रचलित रंग असे: आत-दिवस पांढरा, बाहेर-दिवस पिवळा, आत-रात्र निळा, बाहेर-रात्र हिरवा. वेळेच्या जागी ‘सलग’ किंवा ‘थोड्या वेळाने’ लिहिलं तर त्याला रंगच नाही. लेखक सलग पाच हेडिंगवर ‘सलग’ लिहितो, मग ब्रेकडाउन (दृश्यागणिक काय लागेल याची यादी) करणाऱ्याला पानं मागे उलटत जावं लागतं. कंसात ‘रात्र’ घातलं की काम भागतं.

आता अवघड जागा. यानाच्या आत ‘इंट. यान – नियंत्रणकक्ष’. वेळ कथेत महत्त्वाची असेल तर ‘यानावरची रात्र’, म्हणजे दिवे मंद, पहारा एकट्याचा. नसेल तर वेळ सरळ गाळावी; पोकळीत ‘दिवस’ लिहून प्रकाशयोजनाकाराला काहीच कळत नाही. पाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. ‘एक्स्ट. समुद्र – दिवस’ लिहून त्याच दृश्यात पात्र बुडी मारतं. पृष्ठभाग आणि पाण्याखालचं चित्रीकरण यांना वेगळा कॅमेरा-संच, वेगळी माणसं, बहुतेकदा वेगळी टाकीच लागते. म्हणून ‘एक्स्ट. समुद्र – पृष्ठभाग’ आणि ‘एक्स्ट. समुद्र – पाण्याखाली’ अशी दोन हेडिंगं हवीत. पाणबुडीचा आतला भाग अर्थातच ‘इंट.’

‘इंट./एक्स्ट. गाडी (चालती)’ हे कॅमेरा खरोखरच आत-बाहेर करणार असेल तरच. खिडकीतून रस्ता दिसतो एवढ्यावर ते लिहिणं आळशीपणाचं. स्वप्नाला जागा असतेच: ‘इंट. शाळेचा वर्ग – दिवस (स्वप्न)’. नुसतं ‘इंट. स्वप्न’ लिहिलं तर कलादिग्दर्शकाने उभारायचं काय? भूमिगत शहर, प्रचंड घुमट अशा जागी पात्रांच्या दृष्टीने विचार करावा. डोक्यावर त्यांना आकाश वाटत असेल तर ‘एक्स्ट.’ मागचा देखावा पडद्यासारखा दाखवणाऱ्या एलईडी भिंतींच्या स्टुडिओत वाळवंट चित्रित होतं तरी पटकथेत ते ‘एक्स्ट. वाळवंट’च राहतं. हेडिंगचा पहिला शब्द आता कथेची जागा सांगतो. चित्रीकरण कुठे ते वेळापत्रक सांगतं. शंभर वर्षांत खरा बदल झाला असेल तर एवढाच.

नावांचा क्रम मात्र कडक पाळावा: मोठी जागा आधी, लहान नंतर. सॉफ्टवेअर हेडिंगच्या अक्षरांवरूनच लोकेशनची यादी बनवतं. ‘यान – इंजिनकक्ष’ आणि ‘इंजिन रूम, यान’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे सेट. काल्पनिक ग्रहांच्या नावांत हे हमखास होतं, कारण तिथे शुद्धलेखन तपासायला कोशही नसतो.

२०१२ मध्ये आलेल्या ‘फाउंटन’ या पटकथा लिहिण्याच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात रोमन लिपीतल्या इंट., एक्स्ट. वगैरे ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी ओळ आपोआप हेडिंग धरली जाते, मात्र तिच्याआधी एक रिकामी ओळ हवी. देवनागरीत लिहिलेलं ‘इंट.’ त्या यादीत नाही. अशा वेळी ओळीच्या आरंभी एक टिंब द्यायचं, की ती ओळ हेडिंग होते. टिंब एकच, तीन दिली तर तो अर्धवट सोडलेल्या वाक्याचा ठिपका समजून ओळ साध्या वर्णनात जाते.