मिसळही ऑसम, फ्लेमिंगोही ऑसम

ऐरोलीहून खाडीत जाणाऱ्या बोटीत फ्लेमिंगोंचा थवा दिसला की हमखास ऐकू येतं, ‘ऑसम!’ संध्याकाळी ठाण्यात मामलेदार मिसळीच्या टेबलावरही तेच.

हा शब्द पूर्वी इतका स्वस्त नव्हता. त्याच्या पोटातला ‘ऑ’ जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ होता भय, धाक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऑसम’ वापरात आला तो देवापुढच्या भीतीयुक्त आदरासाठी. ‘झकास’ हा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी तरुणांच्या बोलण्यातून रुळला.

शब्द फिका पडला तरी ती मूळ भावना कुठे गेलेली नाही, आणि मानसशास्त्रज्ञ ती तपासतातही. डॅचर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी 2003 मध्ये तिची दोन लक्षणं मांडली: समोरचं काहीतरी आपल्यापेक्षा अफाट असणं, आणि ते सामावून घ्यायला डोक्यातली जुनी चौकट अपुरी पडणं. (तर्री कितीही जहाल असो, ती यात बसत नाही.) पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एक मिनिट उंचच उंच निलगिरीची झाडं बघायला लावली, दुसऱ्या गटाला एक इमारत. मग प्रयोग घेणाऱ्याने ‘चुकून’ पेनं सांडली. झाडं बघणाऱ्यांनी ती जास्त उचलून दिली. अफाट काही पाहिलं की ‘मी’ जरा लहान होतो आणि शेजारचा माणूस दिसू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष.

मग शब्द का झिजतो? लक्ष वेधायला आपण गरजेपेक्षा जोरकस शब्द वापरतो. सगळेच तसं करू लागले की ऐकणारा त्यातला जोर वजा करूनच ऐकतो, आणि बोलणाऱ्याला नवा शब्द शोधावा लागतो. भीतीचे शब्द तर तयारच असतात. ‘टेरिफिक’ लॅटिनमधल्या दहशतीतूनच आला. यात इंग्रजीचा ऱ्हासबिऱ्हास मला दिसत नाही, कारण आपणही बाळाला ‘भयंकर गोड’ म्हणतो आणि कॉलेजातली पोरं ‘बेक्कार भारी’ म्हणतात. फारसीतून आलेला ‘जबरदस्त’ मुळात वरचढ, बळजोर माणसाचा. तो अर्थ ‘जबरदस्ती’त अजून शाबूत आहे, गडकरी रंगायतनमधला प्रयोग जबरदस्त झाला असं ऐकून मात्र कुणी दचकत नाही.