शहानिशा, इंटरनेटवरील माहितीची

इंटरनेटवर वाचलेली किंवा फॉरवर्ड होऊन आलेली माहिती खरी धरण्याआधी ती कोणी, कधी आणि कशाच्या आधारे सांगितली याचा माग काढणे. सांगोवांगीच्या गोष्टीलाही सांगणाऱ्याचा चेहरा असे. फॉरवर्डमध्ये तो पुसला जातो, म्हणून माग उलटा काढावा लागतो.

नाशिकला याचा प्रत्यय पावसाळ्यात येतो. रामकुंडालगतचा दुतोंड्या मारुती हे गोदावरीच्या पुराचे लोकांनी मानलेले माप. पाणी त्याच्या कमरेला की गळ्याशी, यावरून शहर पूर जोखते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की मारुती बुडाल्याचे फोटो फिरतात आणि त्यांत २०१६ किंवा २०१९ च्या पुराचे जुने फोटोही मिसळतात. फोटो अस्सल असतो, दिवस मात्र चुकीचा. गूगल लेन्सवर शोधल्यास तो आधी कुठे प्रसिद्ध झाला हे अनेकदा सापडते. विसर्गाचा क्यूसेकमधला (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा तारीख-वेळेशिवाय आला, तर तो धरूच नये; विसर्ग एकाच दिवसात कितीदा तरी बदलतो.

खरा आकडाही फसवू शकतो, आणि हे ओळखणे सर्वांत अवघड. लासलगावला कांद्याचा लिलाव झाल्यावर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर होतात. संदेशात अनेकदा एकटा कमाल भाव येतो, जो एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. सरासरी किती, आवक किती, लाल कांदा की उन्हाळ, हे विचारल्याशिवाय कांद्याची साठवणीची चाळ फोडणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान ठरलेले.

अनोळखी संकेतस्थळ कसे जोखावे, याचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये मांडला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांच्यात तपासनीस सरस ठरले. ते पान वाचत बसले नाहीत. ते सोडून, त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात हे त्यांनी आधी पाहिले. देखणी मांडणी आणि भारदस्त नाव यांवर इतिहासकारही भुलले होते.

शहानिशा न झाल्याची किंमत या भागाने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मालेगावातही त्याच संशयावरून मार खाणाऱ्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवले. त्या काळात देशभर फिरलेली मूल उचलण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या जनजागृतीपर जाहिरातीची होती. मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. तिने वेग कमी होतो, खरेखोटे ठरत नाही.

पत्र सूचना कार्यालयाचा २०१९ पासूनचा तथ्यतपासणी विभाग केंद्र सरकारशी संबंधित दावे पाहतो. घाटावरचे पाणी किंवा बाजारातला भाव त्याच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी बाजार समितीला किंवा पंचवटीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावणे हाच आजही जवळचा मार्ग आहे.