शेवटचा घास आणि चुकीचा आरोपी

पोट बिघडले की दोष शेवटच्या जेवणाला देण्याची सवय जुनी आहे. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाने काही तासांतच उलट्या होतात, त्यामुळे हा समज अगदीच निराधार नाही. पण साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूची लक्षणे दिसायला कधी सहा दिवसही लागतात आणि लिस्टेरियाला तर कित्येक आठवडे.

2011 साली जर्मनीत ई. कोलाय ओ104:एच4 या जिवाणूची साथ पसरली, तेव्हा संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण आठ दिवस जात होते. हॅम्बुर्गच्या आरोग्य प्रशासनाने आधी स्पॅनिश काकड्यांवर ठपका ठेवला. त्यांच्यावर जिवाणू सापडलेही, मात्र ते वेगळ्या प्रकारचे निघाले. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. सॅलडवर भुरभुरलेले मोड रुग्णांना आठवतच नव्हते (आठवडाभरापूर्वीची कोशिंबीर कोणाला आठवते?), म्हणून रॉबर्ट कॉख या जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी एकाच उपाहारगृहात जेवलेल्या गटांनी मागवलेले पदार्थ नोंदवून त्यांतील घटक थेट स्वयंपाक्यांकडून जाणून घेतले, आणि आजारी व निरोगी ग्राहकांची तुलना केल्यावर संशय मोडांवर स्थिरावला. पुढे माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत पोहोचला.