चिप कारखाना पाडण्याआधी काय वाचवायचं असतं?

बंद पडलेला चिप कारखाना पाडायला घेतला की भंगारवाल्याला तांबं आणि पोलाद दिसतं. संगणकाच्या इतिहासाचा अभ्यासक तिथे फिल्म, काचेचे मास्क (चिपचा आराखडा सिलिकॉनवर उमटवायचे साचे), नोंदवह्या, सदोष म्हणून बाजूला टाकलेल्या सिलिकॉनच्या चकत्या शोधतो. त्याची धडपड कशासाठी, हे पेनसिल्व्हेनियातल्या एमओएस टेक्नॉलॉजीच्या इतिहासावरून कळतं.

१९६९ मध्ये निघालेली ही कंपनी सुरुवातीला कॅल्क्युलेटरच्या चिप्स करायची. १९७४ मध्ये चक पेडल, बिल मेन्श आणि त्यांचे काही सहकारी मोटोरोला सोडून इथे आले. पुढच्याच वर्षी त्यांचा ६५०२ हा प्रोसेसर आला, किंमत फक्त २५ डॉलर. इतरांचे प्रोसेसर तेव्हा शंभर डॉलरच्या पुढे होते. ॲपल-२ याच चिपवर चालला. १९८४ मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या योजनेत शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकामध्येही ६५०२च होता. म्हणजे भारतातल्या कितीतरी मुलांचा पहिला संगणक याच रचनेवर उभा होता!

त्या काळी चिपचा आराखडा हाताने काढत. मोठ्या कागदावरचं ते रेखाटन लाल रुबीलिथ फिल्मवर कापायचं, मग छायाचित्रणाने लहान करून मास्क बनवायचे. संगणकावर फाइल अशी नव्हतीच. कागद आणि फिल्म गेली की आराखडा गेला.

मालकी बदलत राहिली. १९७६ मध्ये संगणक बनवणाऱ्या कमोडोरने कंपनी घेतली, १९९४ मध्ये कमोडोरच बुडाली, जीएमटी या नावाने चाललेला कारखाना २००१ मध्ये बंद झाला. जमिनीखालच्या टाकीतून ट्रायक्लोरोइथिलीन हे विषारी द्रावक झिरपून भूजल दूषित झालं होतं. १९८९ मध्येच ती जागा अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईची गरज असलेल्या अतिदूषित जागांच्या यादीत गेली. असा वारसा लाभलेल्या इमारतीत आराखड्यांच्या कपाटांची काळजी कोण घेणार? पुढे अभ्यासकांना प्रत्यक्ष ६५०२ उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रं घेऊन, सुमारे ३,५०० ट्रान्झिस्टरांची जोडणी नव्याने मांडावी लागली. काम थोर आहे. पण ते करावं लागलं, याची मला खंत वाटते.

गोव्याला हा विषय परका वाटू नये. इथे १५९५ मध्ये दफ्तरखाना स्थापन झाला, इतिहासकार दियोगो दो कौतो त्याचा पहिला प्रमुख. जमिनीचे, चर्चचे, व्यापाराचे कागद आपण जपले. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले सर्किटचे आराखडे आणि चाचणीच्या नोंदीही त्याच आस्थेने मागून घ्यायला हव्यात. तुयेत इलेक्ट्रॉनिक सिटी आखताना ही सोय सुरुवातीपासून ठेवता येईल. कारखाना बंद पडला की सामान थेट भंगारअड्ड्यावर जातं.

यंत्रं हाती लागलीच तर आधी ईप्रॉम, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम साठवणाऱ्या काचेची खिडकी असलेल्या स्मृती-चिप्स, वाचून घ्यावेत. त्यांच्या खिडकीवरचा कागद निघाला असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी मजकूर पुसला जातो, आणि झाकलेल्या ईप्रॉममधला, मजकूर धरून ठेवणारा विद्युतभारही काही दशकांत ओसरू लागतो. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांची ती मुदत आता भरत आली आहे.