पेढीतला प्रश्न आणि साच्यातला प्रश्न

"यंदा आमची ऑनलाइन चाचणी रँडम आहे." सोलापुरातल्या दोन शाळांतले गणिताचे दोन शिक्षक हे वाक्य बोलतात, आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एकाने चाळीस प्रश्न टाइप करून ठेवलेले असतात आणि संगणक प्रत्येक मुलाला त्यांतले पाच उचलून देतो. दुसऱ्याने प्रश्न एकच लिहिलेला असतो. त्यातले आकडे संगणक प्रत्येकासाठी नव्याने भरतो. मुलाला मोबाइलवर दोन्ही सारखेच दिसतात. शेजारच्यापेक्षा वेगळा प्रश्न, खाली उत्तराची चौकट, 'सबमिट' केलं की लगेच गुण. म्हणून गल्लत होते. मीही ती केली होती, आणि त्याचा त्रास माझ्या एका विद्यार्थिनीला झाला. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिल्या प्रकाराला मी पेढीतला प्रश्न म्हणतो, कारण प्रश्नपेढी हा शब्द आपल्या शाळांत रुळलेला आहे. दुसऱ्याला साच्यातला प्रश्न. फरक समजावायला सोलापुरात फार लांब जावं लागत नाही. नवी पेठेतल्या दुकानात चादरींची थप्पी असते, तुम्ही डोळे मिटून एक ओढता: ही पेढी. जी चादर हाती आली ती आधीच विणून, तपासून, घडी घालून ठेवलेली होती. आता मागावर या. जकार्डची कार्डं एकदा लावली की नक्षी ठरली, सूत मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचं घालता येतं: हा साचा. इथे चादर अजून विणलेलीच नाही. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी येईल हे विणणाऱ्याने आधी डोक्यात पाहिलेलं नसेल, तर नक्षी पुसली जाईल असे दोन रंगही जवळ येऊ शकतात. (जकार्डच्या छिद्रांच्या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेज यांनी १८३०च्या दशकात आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्याची कल्पना घेतली. माझ्या वर्गात कित्येकांच्या घरी माग आहे. त्यांना हे सांगितलं की ते ताठ बसतात, आणि मला ते पाहायला फार आवडतं.)

पेढीबद्दल थोडक्यात सांगून होतं. प्रत्येक प्रश्न माणसाने लिहिलेला, उत्तर शेजारी नोंदवलेलं, संगणकाचं काम फक्त चिठ्ठी काढण्याचं. तिचा मोठा दोष म्हणजे ती वाटते त्यापेक्षा लवकर संपते. दहा प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकाला एक प्रश्न दिला आणि चार मित्र एकत्र बसले, तर चौघांचेही प्रश्न वेगळे असण्याची संभाव्यता १० × ९ × ८ × ७ भागिले १०,००० म्हणजे ०.५०४. थोडक्यात, निम्म्या वेळा त्यांच्यातल्या किमान दोघांना तोच प्रश्न येणार. वीस प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकी पाच दिले, तरी कोणत्याही दोन मुलांमध्ये सरासरी सव्वा प्रश्न सामाईक निघतो. शिवाय सगळे प्रश्न सारखे अवघड आहेत ना, हे शिक्षकालाच पाहावं लागतं. तरी पेढीत एक मोठा दिलासा आहे: चूक झाली तर ती एका प्रश्नापुरती असते. सतराव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं नोंदवलं गेलं, तर तो प्रश्न आलेली मुलं शोधायची, गुण दुरुस्त करायचे, काम झालं.

साच्यात चूक अशी उघड्यावर बसत नाही. ती आकड्यांत दडते.

गड्डा यात्रेच्या आधीच्या आठवड्यात मी दहावीला वर्गसमीकरणाची सराव चाचणी दिली. साचा साधा होता: क्ष² + बक्ष + क = ०. ब आणि क संगणकाने १ ते ९ मधून निवडायचे, आणि उत्तर सूत्राने काढायचं. दोन-चार वेळा पान उघडून पाहिलं, ठीक वाटलं, चाचणी सुरू केली. एका मुलीला आलं क्ष² + ३क्ष + ५ = ०. तिने कागदावर विवेचक (ब² − ४क) काढला, ९ − २० = −११, आणि खाली लिहिलं, 'मुळे वास्तव संख्या नाहीत'. गणित शंभर टक्के बरोबर. पण चौकटी दोन होत्या आणि दोन्हींत फक्त संख्या चालत होती. तिने पुन्हा गणित केलं, तिसऱ्यांदा केलं, वेळ संपला, शून्य गुण. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझं कुठं चुकलं ते कळंना." चूक तिची नव्हतीच.

त्या संध्याकाळी मी आधी करायला हवं होतं ते केलं: सगळ्या जोड्या मांडल्या. ब आणि क १ ते ९, म्हणजे ८१ समीकरणं. त्यांपैकी ३२ समीकरणांना वास्तव मुळेच नाहीत. ३७ समीकरणांची मुळं अपरिमेय, म्हणजे उत्तरात वर्गमूळ राहणार आणि मुलाने दशांशात किती स्थळं लिहायची हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. पूर्णांक मुळं असलेली, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर असलेली समीकरणं फक्त १२! मी एक प्रश्न लिहिला आहे असं समजत होतो. प्रत्यक्षात मी तीन वेगळे प्रश्न लिहिले होते, आणि त्यांतल्या दोघांची मला कल्पनाच नव्हती.

पेढीची सवय असलेल्या माणसाकडून हे हमखास होतं. पेढीत आपण प्रश्न आधी लिहितो आणि मग सोडवून उत्तर नोंदवतो. साच्यात हा क्रम उलटा लागतो. आधी उत्तर निवडायचं, मग त्यावरून प्रश्न बांधायचा. वर्गसमीकरण हवं असेल तर मुळं म आणि न यादृच्छिक घ्या, आणि समीकरण तयार करा: क्ष² − (म + न)क्ष + मन = ०. आता कोणतेही पूर्णांक आले तरी मुळं पूर्णांकच राहणार.

एवढ्यानेही भागत नाही. म किंवा न शून्य आला तर शेवटचं पद गायब. दोन्ही समान आले तर मूळ एकच, मग दुसऱ्या चौकटीत मुलाने काय लिहायचं? एकमेकांचे विरुद्ध आले, समजा ३ आणि −३, तर मधलं पद उडून क्ष² − ९ = ० उरतं आणि ज्याला ते आलं त्याचं काम सोपं. हे सगळे वगळून −९ ते ९ मधून मुळं घेतली तर वेगवेगळी १४४ समीकरणं मिळतात. एका वर्गाला ती भरपूर होतात. पण सगळी सारख्या तोलाची नाहीत. क्ष² − ५क्ष + ६ = ० तोंडी सुटतं, क्ष² + क्ष − ७२ = ० ला कागद लागतो. गुणांची चाचणी असेल तर हा पल्ला आवळावा लागतो. घरच्या सरावाला मी तो मोकळा ठेवतो.

आकड्यांचा आणखी एक धोका आहे आणि मला तो सर्वांत जास्त छळतो, कारण त्यात मूल तक्रार करत नाही. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येणं. सातवीचा साधा साचा घ्या: एका टॉवेलची लांबी आणि रुंदी दिली आहे, क्षेत्रफळ काढा. आकडे ६ आणि ३ आले तर क्षेत्रफळ १८ आणि परिमितीही १८. ४ आणि ४ आले तर दोन्ही १६. परिमिती काढून बसलेल्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, आणि आपल्याला क्षेत्रफळ येतं अशी त्याची पक्की समजूत होते. पूर्णांकांत अशा जोड्या एवढ्याच आहेत, वगळायला अवघड नाहीत. आधी सुचायला मात्र हव्यात. चक्रवाढ व्याजात मुदत १ वर्ष आली की सरळव्याजाचं उत्तर आणि चक्रवाढीचं उत्तर एकच, म्हणून मुदत २ पासून. पेढीसाठी प्रश्न लिहिताना हे आपोआप टळतं, कारण आपण तो प्रश्न समोर ठेवून सोडवलेला असतो. साच्यातला नेमका कोणता प्रश्न मुलासमोर येईल हे आपल्याला दिसत नसतं. त्यामुळे साचा लिहिताना मी आता आधी एक यादी करतो: या प्रश्नात मुलं काय काय चुकतात? मग प्रत्येक चुकीच्या रीतीचं उत्तर बरोबर उत्तराशी कोणत्या आकड्यांना जुळतं ते पाहतो आणि ते आकडे काढून टाकतो.

हीच यादी गुणदानालाही कामी येते, आणि साच्याचं खरं बळ मला इथेच दिसतं. साच्यात उत्तर म्हणजे आकडा नसून म आणि न यांच्यातली रीत असते. तशीच चुकीच्या उत्तराचीही रीत लिहिता येते. मुलाने म, न ऐवजी −म, −न लिहिले, तर अवयव बरोबर पडलेत, चिन्हात घोटाळा झालाय. त्याला अर्धे गुण आणि 'प्रत्येक कंस = ० असं लिहून पुन्हा बघ' एवढी सूचना. एकदा लिहिलं की ती १४४ समीकरणांना लागू. पेढीत हेच करायचं तर प्रत्येक प्रश्नाला वेगळं लिहीत बसावं लागेल.

गुणदानातल्या काही अडचणी मात्र दोन्हींकडे सारख्याच आहेत. मुलाने पहिल्या चौकटीत ३ आणि दुसऱ्या चौकटीत २ लिहिलं, तुम्ही उलट नोंदवलं होतं. यंत्राला क्रम महत्त्वाचा नाही हे सांगावं लागतं. ०.५ आणि १/२ एकच आहेत हेही. आणि 'क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा' या प्रश्नाला कुणी क्ष² + ५क्ष + ६ हेच परत टाइप केलं तर? बीजगणिताच्या दृष्टीने ते अचूक समान आहे. यंत्र फक्त समानता तपासत असेल तर पूर्ण गुण देऊन मोकळं होईल. किंमत समान आहे का आणि रूप मागितलेलं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

यासाठी बैजिक राशी समजणारं साधन लागतं. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत 'कॅल्क्युलेटेड' नावाचा प्रश्नप्रकार आहे. त्यात महिरपी कंसातली अक्षरं लिहून आकड्यांचा संच जोडता येतो आणि उत्तरात किती फरक चालेल तेही सांगता येतं. उत्तर संख्या असेल तोवर तो पुरतो. राशी हवी असेल तर स्टॅक. ख्रिस सँग्विन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ मध्ये सुरू केलेलं हे काम आज मूडलला जोडता येतं, मोफत आहे, आणि त्याच्या पोटात मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली चालते. समानता आणि अवयवरूप यांच्या तपासण्या त्यात वेगवेगळ्या आहेत. क्ष² + −५क्ष किंवा १क्ष असली बेढब मांडणीही मॅक्सिमा नीट करून दाखवते. साध्या साच्यात आकडे नुसते भरले की ही बेढब मांडणी हमखास दिसते, आणि कच्चं मूल तिलाच अडखळतं.

स्टॅकमधली मला सर्वांत पटलेली सोय मात्र दोन्ही प्रकारांच्या मधली आहे. साच्यातून निघालेल्या आवृत्त्यांपैकी समजा तीस निवडायच्या, एकेक डोळ्यांखालून घालायची, आणि तेवढ्याच मुलांना द्यायच्या. मागावर विणलेलं, पण तपासून थप्पीला लावलेलं. शिवाय प्रत्येक आवृत्तीला एक टीप जोडता येते: मुळं कोणती, समीकरण कोणतं. "सर, माझं कुठं चुकलं?" असं मूल विचारायला आलं की त्याला आलेले नेमके आकडे आपल्यासमोर असतात. एकाच मुलाने पान बंद करून पुन्हा उघडलं तरी आकडे तेच राहतात, कारण ते ज्या बीजसंख्येवरून तयार होतात ती त्या प्रयत्नासोबत साठवलेली असते.

मग कुठे काय? शाब्दिक उदाहरणं, भूमितीच्या आकृत्या, 'हे विधान चूक का ते ओळखा' असले प्रश्न पेढीतच शोभतात. त्यांत नुसते आकडे बदलून नवं काही घडत नाही. हात बसावा लागतो अशा कौशल्यांना साचा. चाचणीनंतर मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिला तर हा फरक स्वच्छ दिसतो. पेढीच्या चाचणीत विचारलं जातं, "सातव्याचं उत्तर काय आलं?" साच्याच्या चाचणीत उत्तर पाठवून उपयोग नसतो, म्हणून विचारलं जातं, "तू कसं काढलंस?" मग कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकतो आणि खाली तेलुगू-मराठी मिसळून समजावतो. परीक्षेत तसं चालणार नाही. सरावात मला तेच हवं असतं.

त्या मुलीचे गुण मी हाताने दुरुस्त केले आणि वर्गासमोर तिचा कागद वाचून दाखवला. वास्तव मुळं नसलेली समीकरणं मी पुढे टाकून दिली नाहीत. त्यांचा वेगळा साचा केला. त्यात आधी विवेचक विचारतो, मग मुळांबद्दल तीन पर्याय देतो आणि तिसरा पर्याय तिच्याच शब्दांत आहे. या आठवड्यात आठवीसाठी चक्रवाढ व्याजाचा साचा लिहितो आहे. ८,००० रुपये, ५ टक्के, ३ वर्षं: रास नेमकी ९,२६१ रुपये येते. दर ७ टक्के केला की ९,८००.३४४ होते, म्हणजे पैशांपर्यंत पूर्णांकन करायचं का आणि किती फरक चालवून घ्यायचा ते ठरवावं लागेल. तोवर दर ५ आणि १० एवढेच ठेवलेत, मुद्दल आठ हजारांच्या पटीत, मुदत २ किंवा ३ वर्षं. सगळ्या जोड्या कागदावर मांडून झाल्या आहेत, सोडवून पाहायच्या बाकी आहेत.