हातातली आवृत्ती की टीव्हीवरची? एका निवडीची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत व्हिडिओ गेमचा कन्सोल घ्यायचं ठरलं की घरात हमखास दोन तट पडतात. एकाला टीव्हीला जोडायचा हवा असतो, दुसऱ्याला हातात धरून कुठेही खेळता येईल असा. पुण्याला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मुलांचा कल उघडच दुसऱ्याकडे असतो. खोलीवर टीव्ही नसतो आणि एसटीत नाहीतर रेल्वेत चार-पाच तास जातात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "पण हातातल्यावर तोच गेम लहान करून दिलेला असतो, खरा गेम टीव्हीवरचाच." हे म्हणणं इतिहासाच्या एका तुकड्यापुरतं खरं आहे. सगळा इतिहास पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. मोठ्या गेमला कात्री लावून तो लहान यंत्रात कोंबला, तिथे बहुतेक वेळा फसगत झाली. याउलट लहान यंत्र समोर ठेवून गेम नव्याने रचला, तिथे असे गेम झाले की पुढे मोठ्या कन्सोलनेही ते आपल्याकडे घेतले.

या गोष्टीत पहिलं नाव येतं गुनपेई योकोई यांचं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीतल्या या अभियंत्याने १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणलं. कॅल्क्युलेटरमध्ये असते तशी स्वस्त एलसीडी काच, एका यंत्रात एकच गेम आणि सोबत घड्याळ, एवढाच त्याचा संसार. कॅसेट बदलता येईल असं हातातलं यंत्र त्याच्या आधीच, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीने 'मायक्रोव्हिजन' नावाने काढलं होतं. पण त्याची स्क्रीन होती १६ बाय १६ ठिपक्यांची. त्यावर फार काही दाखवता येणं शक्यच नव्हतं. योकोईंचा आग्रह असा की नव्या, महागड्या तंत्रज्ञानाच्या मागे धावायचं नाही. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा वेगळा उपयोग शोधायचा. एप्रिल १९८९ मध्ये आलेला निन्टेन्डोचा हातातला कन्सोल, गेम बॉय, याच आग्रहातून घडला. १६० बाय १४४ पिक्सेलची स्क्रीन, चारच छटा, आत दिवा नाही, रंग नाहीत. पण चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्हींना रंगीत आणि उजळ स्क्रीन. दोन्हींना सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. दुकानात शेजारी शेजारी ठेवले असते तर कुणीही गेम गिअरच उचलला असता. पण गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख विकले गेले, गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. हातातल्या यंत्राची पहिली कसोटी चित्र नसून ते किती वेळ साथ देतं ही आहे, हे तेव्हाच ठरलं. आजही कुणी सल्ला विचारला तर मी आधी बॅटरीचे तासच सांगतो.

गेम बॉयसोबत आलेला 'सुपर मारिओ लँड' नीट पाहण्यासारखा आहे. घरच्या कन्सोलवरच्या १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ३२ टप्पे होते, इथे फक्त १२. मारिओ अगदी इवलासा काढलेला, कारण अरुंद स्क्रीनवर पुढची वाट दिसायला जागा हवी होती. हा गेम घरच्या मारिओवाल्या शिगेरू मियामोतो यांच्या चमूने नव्हे, तर योकोईंच्या चमूने केला. बसल्या बैठकीला संपेल असा तो बांधला होता. ही काटछाट नव्हती. बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळणाऱ्याचा वेळ ओळखून घेतलेला निर्णय होता.

'टेट्रिस'ची गोष्ट तर याहून बोलकी. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये लिहिलेला हा पडणाऱ्या विटा रचायचा गेम १९८९ मध्ये निन्टेन्डोने गेम बॉयवर आणि घरच्या कन्सोलवरही आणला. घरच्या आवृत्तीत रंग होते, पण दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळायची सोय नव्हती. ती होती गेम बॉयवर, दोन यंत्रं वायरने जोडून. म्हणजे पहिल्याच वर्षी एका गाजलेल्या गेमची हातातली आवृत्ती घरच्यापेक्षा जास्त काही देत होती.

आपल्याकडे हा सगळा प्रकार नाव-गाव पुसून आला. फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या जपानी कन्सोलच्या, नकला 'मीडिया', 'लिटिल मास्टर', 'मायक्रो जीनियस' अशा नावांनी नव्वदच्या दशकात सांगली, सातारा, कराड, इस्लामपूरपर्यंत पोचल्या. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनेल जुळवायचं आणि शेकडो गेम लिहिलेली कॅसेट लावायची. त्यात तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा निघायचे. हातातलं म्हणून मिळायचा तो 'ब्रिक गेम', म्हणजे टेट्रिसचीच चिनी नक्कल, सेलवर चालणारी. एका अंगाला कॉन्ट्रा आणि मारिओ, दुसऱ्या अंगाला पडणाऱ्या विटा. एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांमधून निवडायची वेळ आपल्यावर तेव्हा आलीच नाही. हातातलं ते पोरखेळ आणि टीव्हीवरचं ते खरं, ही समजूत आपल्याकडे त्या काळात घट्ट झाली असं मला वाटतं. समोर जे होतं त्यावरून ती चुकीचीही नव्हती.

तिकडे मात्र कापाकापीचे प्रयोग जोरात चालू होते. सेगाचा गेम गिअर आतून त्यांच्याच घरच्या मास्टर सिस्टिमसारखा होता, त्यामुळे गेम इकडून तिकडे नेणं सोपं. अडचण एकच, पण मोठी: घरची स्क्रीन २५६ बाय १९२, हातातली १६० बाय १४४. म्हणजे निम्म्याहून जास्त दृश्य कापलं जायचं. १९९२ च्या 'सॉनिक २'च्या आठ-बिट, म्हणजे या दोन यंत्रांवरच्या, आवृत्तीत पहिल्याच विभागाच्या शेवटी उतारावरून उसळत येणारे गोळे चुकवायचे असतात. टीव्हीवर ते लांबून दिसतात. गेम गिअरवर दिसेपर्यंत अंगावर आलेले असतात. गेम तोच, चाल तीच, आणि केवळ चौकट आखडल्यामुळे तो कितीतरी अवघड झाला. सॉनिकसारखा वेगाचा गेम अशा चौकटीत टाकणं म्हणजे धुक्यात घाट उतरण्यासारखंच. निन्टेन्डोनेही १९९९ मध्ये जुना मारिओ गेम बॉय कलरवर आणताना हाच मार्ग धरला. पण तिथे वर-खालची बटणं दाबून लपलेला भाग पाहायची सोय तरी ठेवली होती.

याच्या उलट टोकाला गेम बॉयवरचा १९९३ चा 'लिंक्स अवेकनिंग' उभा आहे (यातला लिंक म्हणजे गेमचा नायक, अटारीच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही). काही जणांनी कामाच्या वेळेनंतर हौसेने केलेल्या प्रयोगातून निन्टेन्डोच्या 'झेल्डा' या साहसी मालिकेतला हा गेम उभा राहिला. गेम बॉयला ए आणि बी ही दोनच मुख्य बटणं. तेव्हा रचनाकारांनी तलवारीसकट कुठलीही वस्तू कुठल्याही बटणाला लावायची मुभा दिली. मग खेळणारा दोन वस्तूंची जोडी जमवू लागला. अडचणीतून निघालेली ही सोय गेमचा गाभाच झाली. २०१९ मध्ये हाच गेम नव्या रूपात निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला आणि लोकांनी तो टीव्हीवरही आवडीने खेळला.

२००१ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्ससोबत आलेल्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २'मध्येही हेच धाडस दिसतं. घरच्या कन्सोलवर हा त्रिमितीय गेम होता. छोट्या यंत्राला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने सगळं मैदान वरून तिरकस कोनातून पाहिल्यासारखं नव्याने मांडलं. नाव तेच, पण नजरच बदललेली. आणि तो उत्तम चालला.

पोकेमॉनचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९६ मध्ये सातोशी ताजिरी यांनी तो मुळातच दोन गेम बॉय वायरने जोडून प्राणी अदलाबदल करण्यासाठी रचला होता. त्याची मुख्य मालिका त्यानंतर वीसहून जास्त वर्षं हातातल्या यंत्रांवरच राहिली.

आपल्या भागाचा या निवडीशी खरा संबंध आला तो सोनीच्या पीएसपीमुळे, म्हणजे हातातल्या प्लेस्टेशनमुळे. हे यंत्र जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये निघालं, आणि २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. शहरात काही तास, तासगाव-जतकडच्या गावांत त्याहून कितीतरी जास्त. ज्यांच्याकडे सोनीचा टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन २ होता किंवा जे तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळायचे, त्यांना वीज जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. त्या काळच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'मध्ये सेव्ह करायला ठरलेल्या घरापर्यंत परतावं लागे. मोहिमेच्या मध्यात लाइट गेली की सगळं पाण्यात. इन्व्हर्टर असला तरी तो ट्यूब आणि पंख्यापुरता. पीएसपीवर बटण सरकवलं की गेम आहे त्या क्षणी झोपी जायचा आणि तिथूनच पुन्हा उठायचा. ही सोय जपानमधल्या लोकल गाड्यांत खेळणाऱ्यांसाठी जितकी मोलाची, तितकीच आपल्याकडच्या अंधारलेल्या संध्याकाळींसाठी.

आणि याच यंत्रावर पाणी उलट्या दिशेने वाहिलं. २००५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो: लिबर्टी सिटी स्टोरीज' आधी पीएसपीवर निघाला, प्लेस्टेशन २ वर पुढच्या वर्षी गेला. टीव्हीवरच्या आवृत्तीला दुसऱ्या बोटकाठीमुळे (अंगठ्याने फिरवायची छोटी काठी) नजर फिरवणं सोपं झालं, कारण पीएसपीला एकच काठी होती. पण जवळ बसलेल्या मित्रांसोबत बिनतारी खेळायची सोय घरच्या आवृत्तीतून गळाली. जपानमध्ये 'मॉन्स्टर हंटर' हा अक्राळविक्राळ प्राण्यांच्या शिकारीचा गेम खऱ्या अर्थाने घराघरांत पोचला तोही पीएसपीवर, चार मित्र चार यंत्रं घेऊन एकत्र बसू लागले तेव्हा. घरच्या मोठ्या स्क्रीनकडे हे द्यायला नव्हतंच.

पुढे दोन्ही आवृत्त्या एकमेकींना धरून चालायला लागल्या. 'मॉन्स्टर हंटर ३ अल्टिमेट'मध्ये निन्टेन्डोच्या हातातल्या ३डीएसवरचा खेळ त्यांच्याच घरच्या वी यूवर नेऊन पुढे चालू ठेवता येई. २०१४ चा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' दोन्ही यंत्रांवर स्वतंत्र निघाला. लढवय्ये तेच, पण मैदानं आणि काही खेळप्रकार वेगळे, आणि एकाच वेळी आठ जणांची झुंज फक्त टीव्हीवर.

३ मार्च २०१७ ला निन्टेन्डो स्विच आला आणि दोन आवृत्त्यांचं एकच खोकं झालं. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खाचेत, बसवला की टीव्हीवर, उचलला की हातात. पण गेम दोन्हीकडे अगदी सारखा दिसतो असं नाही. झेल्डा मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' टीव्हीवर ९००पी, हातात ७२०पी (आकडा मोठा तितकं चित्र रेखीव). २०१९ मध्ये स्विचवर आलेला 'विचर ३' टीव्हीवर जास्तीत जास्त ७२०पी, हातात ५४०पी. एवढा अवाढव्य गेम सगळ्या जोडभागांसकट ३२ जीबीच्या कार्डात बसवला हे कौतुकाचंच आहे. हातात धरल्यावर त्याचा धूसरपणा कमी जाणवतो, मोठ्या टीव्हीवर मात्र लगेच नजरेत भरतो. म्हणजे गेम गिअरच्या काळातलं गणित इथे उलटलं.

२०२२ च्या स्टीम डेकने, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या हातात धरायच्या पीसीने, जुना प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. मोठ्या स्क्रीनसाठी केलेले हजारो पीसी गेम सात इंची स्क्रीनवर आले. म्हणून व्हॉल्व्हने गेम तपासून शिक्का द्यायची पद्धत ठेवली आणि छोट्या स्क्रीनवर अक्षरं वाचता येतात का, हे त्या तपासणीत घेतलं. विकत घेण्याआधी तो शिक्का बघणं मला किमतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. सोनीचा २०२३ चा प्लेस्टेशन पोर्टल मात्र फसव्या रूपाचा आहे. तो दिसतो हातातला, पण मुळात घरच्या प्लेस्टेशन ५ वरचं चित्र वायफायवरून ओढून आणण्यासाठी बनला. पावसाळ्यात घरची वीज गेली की ते चित्रही थांबतं. पुण्याच्या खोलीसाठी तो घ्यायचा विचार असेल तर दोन्ही टोकांचं इंटरनेट आधी तपासायला हवं.

५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ ची स्क्रीन ७.९ इंची, हातातही १०८०पी. टीव्हीवर ४के पर्यंत, म्हणजे त्याहून रेखीव. बॅटरीचा कंपनीचाच अंदाज दोन ते साडेसहा तास. दिव्याविना पंधरा तास चालणाऱ्या गेम बॉयपासून आपण इतके लांब आलो आहोत. त्यात नवी भर पडली आहे ती 'गेम-की कार्ड'ची. या कार्डात गेम नसतोच, फक्त चावी असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. खोक्याच्या दर्शनी बाजूला खाली तशी पट्टी छापलेली असते. ज्यांच्या गावात मोबाइलच्या डेटावरच सगळं भागतं त्यांनी ती पट्टी पाहूनच पैसे द्यावेत, आणि प्रवासात खेळायचं असेल तर गेम निघायच्या आदल्या रात्रीच उतरवून ठेवावा.