डावखुरे खेळाडू आणि हँडहेल्ड गेम कन्सोल

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांवर बटणे, स्टिक आणि स्टायलस (पडद्यावर टेकवायची लेखणी) यांची मांडणी बहुतेक वेळा उजव्या हाताचा माणूस समोर ठेवून केलेली असते. साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. टीव्हीवर खेळणाऱ्याला निदान वेगळा कंट्रोलर घेता येतो. हँडहेल्डमध्ये मात्र पडदा आणि बटणे एकाच सांगाड्यात घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे बाजू बदलायला यंत्र फिरवले की चित्रही उलटे होते. अडचणीचे मूळ इथे आहे.

सुरुवातीच्या यंत्रांत हा प्रश्नच नव्हता. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या पहिल्या खेळात, १९८० च्या ‘बॉल’मध्ये, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोनच बटणे होती. १९८२ मध्ये याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे दिशाबटण, म्हणजे डी-पॅड, आणले. ते डाव्या अंगठ्याखाली आले आणि उडी मारायचे बटण उजव्या. पुढे निन्टेन्डोच्याच टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमने (१९८३) आणि हातात धरायच्या गेम बॉयने (१९८९) हीच रचना ठेवली. आपल्याकडे जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या ब्रिक गेमवरही दिशेची बटणे डावीकडे आणि ठोकळा फिरवायचे मोठे बटण उजवीकडेच असे.

एवढ्यापुरते पाहिले तर डावखुऱ्यांचे फारसे अडत नाही. दिशा सांभाळण्याचे नाजूक काम डाव्या अंगठ्याकडे असते, ते त्यांच्या पथ्यावरच पडते. उजव्या अंगठ्याने भराभर बटण दाबणे लहानपणापासूनच्या सवयीने जमते. तरीही एका यंत्राने याचा मुळातून विचार केला होता. १९८९ मध्ये आलेल्या अटारी लिंक्सवर ‘ए’ आणि ‘बी’ बटणांच्या दोन जोड्या होत्या, एक वर आणि एक खाली. यंत्र उलटे धरायचे, चित्र फिरवायची आज्ञा द्यायची, की डी-पॅड उजव्या हाताखाली आणि बटणे डाव्या हाताखाली येत. लिंक्स आकाराने अवजड आणि गेम बॉयपेक्षा बरेच महाग होते, बाजारात ते मागेच राहिले. पण हाताच्या बाबतीत इतका सरळ आणि पूर्ण उपाय त्यानंतर क्वचितच कोणी केला.

खरी ओढाताण सुरू झाली ती २००४ मध्ये, निन्टेन्डो डीएस आल्यावर. या यंत्राच्या खालच्या पडद्यावर स्टायलसने लिहायचे, रेघा ओढायच्या, नेम धरायचा. बटण कोणताही अंगठा दाबू शकतो, पण लिहिण्याचा हात प्रत्येकाचा ठरलेला असतो. त्यातून एका हातात स्टायलस घेतला की उरलेल्या हाताला २७५ ग्रॅमचे यंत्र एकट्याने पेलायचे, अंगठ्याने पात्र चालवायचे आणि वरच्या कडेचे बटणही दाबायचे, अशी तिहेरी कसरत करावी लागे. उजव्या हाताच्या खेळाडूचेही यात मनगट भरून येई. डावखुऱ्याच्या वाट्याला शिवाय डी-पॅडऐवजी उजवीकडची ए, बी, एक्स, वाय ही चार बटणे येत.

ही चार बटणे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडलेली असल्यामुळे त्यांना वर, खाली, डावे, उजवे असे मानता येते. २००६ च्या ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’मध्ये डावखुऱ्यांसाठी तसा पर्याय होता: चालणे या बटणांवर, नेम स्टायलसने आणि गोळी वरच्या डाव्या कडेच्या ‘एल’ऐवजी उजव्या कडेच्या ‘आर’ने. आरशातल्यासारखी अदलाबदल कागदावर चोख दिसते. अंगठ्याला मात्र फरक कळतो. डी-पॅड हा एकच तुकडा असतो, अंगठा न उचलता तो कलवता येतो. सुट्या बटणांवर अंगठा एकावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो आणि तिरपे जायचे तर दोन बटणे एकदम दाबावी लागतात. धावपळीच्या खेळात हा उशीर जिवावर बेततो.

डीएस पुस्तकासारखा उभा धरून खेळायचे गेम यात सर्वांत समंजस निघाले. जपानमध्ये २००५ साली आलेल्या ‘ब्रेन एज’मध्ये डावखुरा असल्याचे सांगितले की सगळे चित्र फिरते आणि टचस्क्रीन डाव्या हाताला येते. ‘होटेल डस्क’ आणि ‘निंजा गायडेन ड्रॅगन सोर्ड’ यांनीही ही सोय दिली. यासाठी यंत्रात काहीच बदलावे लागले नाही, खेळ रचणाऱ्यांनी आधी विचार केला एवढेच पुरले.

डीएसनंतर आलेल्या निन्टेन्डो थ्रीडीएसवर अडचण वाढली. त्याची सर्कल पॅड नावाची सरकती चकती फक्त डावीकडे होती. चकती जितकी सरकवावी तितका वेग कमी-जास्त होतो, बटणांना ते जमत नाही. मासाहिरो साकुराई यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘किड इकारस: अपरायझिंग’मध्ये (२०१२) डाव्या हाताने चकती आणि ‘एल’, उजव्या हाताने स्टायलस अशी मांडणी होती. हात दुखतात म्हणून गेमसोबत यंत्र ठेवायला एक स्टँडही दिला जाई. डावखुऱ्यांसाठी सर्कल पॅड प्रो या जोडणीला आधार दिला होता. ही जोडणी यंत्राला बाहेरून बसवली की उजवीकडे दुसरी चकती मिळते. या गेममध्ये तिचा उपयोग केवळ तेवढाच होता, दोन चकत्यांनी एकदम खेळता येत नसे. म्हणजे जो खेळ इतरांना खोक्यातून काढल्याबरोबर नीट खेळता येई, त्यासाठी डावखुऱ्याने वेगळे पैसे मोजायचे आणि यंत्र आणखी जड करून घ्यायचे. हा उपाय नसण्यापेक्षा बरा, पण न्याय्य म्हणता येणार नाही.

स्टायलसचा जोर ओसरल्यावर प्रश्न पुन्हा बटणांवर आला आणि आता बराचसा भार सॉफ्टवेअर उचलते. निन्टेन्डो स्विचवर एप्रिल २०२० च्या अपडेटपासून कोणत्या बटणाने काय व्हावे हे पूर्ण यंत्रासाठी बदलता येते. २०२२ च्या स्टीम डेक या हँडहेल्डवर दोन्ही बाजूंना स्टिक आणि ट्रॅकपॅड सारख्याच जागी आहेत आणि त्यांची कामे खेळागणिक बदलता येतात. मोबाइलवर बटणे काचेवर काढलेलीच असल्याने बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सारख्या गेममध्ये ती बोटाने ओढून हवी तिथे ठेवता येतात. कन्सोलवर मात्र एक त्रास उरतोच. यंत्राच्या सेटिंगमध्ये बटणे बदलली तरी गेमला त्याचा पत्ता नसतो, तो पडद्यावर जुन्याच बटणाचे नाव दाखवतो आणि प्रत्येक सूचना खेळाडूला मनातल्या मनात फिरवून वाचावी लागते. गेमच्या आतच बटणे बदलायची सोय असेल तर सूचनाही सोबत बदलू शकतात, म्हणून डावखुऱ्यांनी आधी गेमचे पर्याय तपासावेत आणि तिथे काही नसेल तरच यंत्राच्या सेटिंगकडे वळावे.